न आलेल्यांचा वाटा

भाग्यश्री देवू वरठा हिच्याबद्दल लिहायला बसले की आधी मला राग येतो. थोडा तिचा, कारण तिने मला वेळेवर चार शब्द सांगितले असते तर पुढचं टळलं असतं. जास्त माझा. आणि सगळ्यात जास्त केसरीनाथ मामाचा, कारण त्याला आजही वाटतं की झालं त्यात फार काही झालं नाही. एका माणसाचा तर प्रश्न होता, असं तो म्हणतो. बरोबर आहे, एकाच माणसाचा होता. त्याचं नाव बाबू.

केसरीनाथ मामा म्हणजे माझ्या आईचा सख्खा भाऊ. कशेळीला खाडीच्या अंगाला गोदामांची रांग आहे, त्यातल्या एकाच्या वरच्या मजल्यावर त्याची कंपनी. गोदामात माल उचलणाऱ्यांच्या हातात जे स्कॅनर असतात ते आम्ही बनवतो. बनवतो म्हणजे डबा बाहेरून येतो, त्याचं डोकं आम्ही भरतो. ऑर्डर आली की स्कॅनर टिंग करतो, कुठल्या रॅकवरून काय उचलायचं ते पडद्यावर येतं, माणसाने नव्वद सेकंदांत ‘घेतली’ हे बटन दाबायचं. नाही दाबलं तर एक चूक. एका शिफ्टला तीन चुका झाल्या की माणसाचा आयडी बंद, आणि आयडी बंद म्हणजे गेटच्या बाहेर. हा नियम कुठल्या शहाण्याने एसीत बसून काढला मला माहीत नाही, पण गोदामात तो देवाच्या वरचा.

मी, नेत्रा लडकू म्हात्रे, तिथे चाचणीचं काम करायचे. आणि भाग्यश्री, म्हणजे आमची भागी, कर्नल बघायची.

कर्नल म्हणजे यंत्राच्या आतला कारभारी. बटन वाच, पडदा लाव, वायफाय जोड, सगळी कामं त्याच्या हाताखाली. त्याच्या आत हजारो छोटे तुकडे असतात, त्यांना फंक्शन म्हणतात, आणि त्यातले बरेचसे तो बाहेरच्यांसाठी नावासकट उघडे ठेवतो. बाहेरून जोडला जाणारा प्रोग्राम, आम्ही त्याला मॉड्यूल म्हणतो, येतो, नावाने हाक मारतो आणि काम करून घेतो. भागीला हे सगळं घरच्या अंगणासारखं पाठ होतं. अख्ख्या कंपनीत तिच्या एकटीलाच होतं.

ती अकलोलीच्या पुढच्या एका पाड्यावरून यायची. पाड्यावरून चालत रस्त्याला, तिथून एसटीने भिवंडी, भिवंडीहून शेअर रिक्षाने कशेळी. साडेआठला टेबलावर हजर. मी कशेळीतच राहते आणि नऊ वीसला पोचायचे. सरकारी पॉलिटेक्निकमधून तिने डिप्लोमा केला होता. मुलाखतीत मामाने विचारलं, कॉम्प्युटर कुठे शिकलीस? ती म्हणाली, “होस्टेलला एक बिघाडलेला व्हता. बिघाडलेला, म्हणून कोन मागत न्हाय व्हता. मंग मीच बसाची.” मामा हसला. मीही हसले, तिच्या बोलण्याला. पहिला आठवडाभर मी हसत होते, हे लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात. आमच्या घरात आई काय पुस्तकातलं मराठी बोलते?

हसायची खोड माझ्या एकटीची नव्हती. गोदाम चालवणाऱ्या बड्या कंपनीचे इंजिनियर व्हिडिओ कॉलवर यायचे. भागीने तोंड उघडेपर्यंत ती मॅडम असायची. एकदा ‘न्हाय’ ऐकलं की ते हळूहळू, एकेक शब्द सुटा करून समजवायला लागायचे, जसं काही ती कालच जंगलातून उतरलीय. मग भागी एकच प्रश्न विचारायची आणि समोरचा म्हणायचा, मी बघून सांगतो. तो कधी सांगायचा नाही. ती वहीत तारीख लिहून ठेवायची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तिने मला पाड्यावर नेलं. पाऊस सरून ओढ्याचं पाणी उतरलं की सगळा पाडा मिळून ओढ्याला बांध घालतो आणि मासे मारतो. दुपारपर्यंत चिखलात धिंगाणा चालला होता. मी काठावर चपला सांभाळत उभी. मग तिचे वडील, देवूकाका, वाटे घालायला बसले. सागाची पानं ओळीने मांडली, घरटी एक. मापात मापं, लहान-मोठे मासे सगळ्यांना सारखे. पानं भरली, मला वाटलं संपलं. तर काकांनी मान वर करून मोठ्याने विचारलं, “कोन न्हाय आला?”

लोक नावं सांगू लागले. एक घर वीटभट्टीवर गेलेलं. एक बाळंतीण. एक म्हातारी दवाखान्यात. प्रत्येक नावाला काकांनी नवं पान मांडलं आणि भरलेल्या पानांतून थोडं थोडं काढून ते भरलं. मग एक नाव निघालं तसे चार-पाच जण कुरकुरले. त्या माणसाने महिन्यापूर्वी कुंपणावरून काकांच्या अंगावर कोयता उगारला होता. काकांनी त्याचंही पान मांडलं. “भांडान त्याच्याशी हाय,” ते म्हणाले, “त्याच्या वाट्याशी न्हाय.”

माझंही पान होतं. पायाला चिखलाचा ठिपका न लागलेल्या बाईचं. मी ते मासे घरी आणले, आईने आंबट घालून केले, आणि आम्ही बोटं चाटून खाल्ले. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

बाबू त्याच पाड्यावरचा. पस्तिशीचा, खांद्याने रुंद. लहानपणी तापात त्याचे कान गेले ते गेलेच. बोलणं अर्धवट येतं, पण सातवीपर्यंत शिकलेला, मोबाईलवर लिहून काम भागवतो. आमच्यापासून तीन गाळे सोडून असलेल्या गोदामात तो माल उचलायचा. कागदाच्या चिठ्ठ्या होत्या तोवर त्याच्याइतका झपाट्याने उचलणारा दुसरा नव्हता. मग आमचे स्कॅनर आले, टिंग करणारे.

भागी मामाकडे गेली. म्हणाली, स्कॅनरमध्ये थरथरणारी छोटी मोटर घाला, मोबाईलमध्ये असते तशी. डब्यात तिची जागा आधीपासूनच आहे. मामा म्हणाला, “एका बहिऱ्यासाठी दीडशे डब्यांत मोटर? काय बोलते तू?” ती म्हणाली, मग एकात घाला. मामा म्हणाला, कंपनीचा माल एकसारखा असतो. झालं, वाटाण्याच्या अक्षता.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की बाबू तिथे कामाला आहे आणि त्याचं बरं चाललंय. कसं चाललंय, हे मी कधी विचारलं नाही. भागीने रिजेक्ट झालेला एक स्कॅनर उचलला, जुन्या मोबाईलची मोटर डाग देऊन त्यात बसवली, आणि ती मोटर चालवणारं मॉड्यूल घरी बसून लिहिलं. कंपनीच्या कोडमध्ये ते कुठेच नव्हतं. पेन ड्राइव्हवरून आणून तिने ते फक्त बाबूच्या स्कॅनरमध्ये ठेवलं, अशा जागी की कितीही अपडेट आले तरी ते तिथेच राहील. ऑर्डर आली की टिंगसोबत स्कॅनर त्याच्या तळहातात थरथरायचा. दीड वर्ष. एक चूक नाही. मला का नाही सांगितलंस, मी नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, “तू शेठची भाची. तुज्या पोटात राहाला नसता.” खरं सांगायचं तर राहिलं नसतं.

या दिवाळीनंतर बड्या कंपनीने त्यांचं नवं ॲप पाठवलं. ते इतकं खादाड की मोठी ऑर्डर आली की स्कॅनर जागच्या जागी गोठायचा. मेमरीच कमी पडत होती. कमी पडणारच, कारण मामाने डब्यात सगळ्यात लहान चिप घातली होती. मोठी चिप घालायची गोष्ट काढली तर त्याने हात झटकले. “आतून कापा. एक हजार केबी मोकळे करून द्या. कर्नलमध्ये काय कमी कचरा असतो?”

भागीने दोन दिवस मान वर केली नाही. मग मला बोलावून दाखवलं. कर्नलने बाहेरच्यांसाठी उघडी ठेवलेली नावं जवळजवळ नऊ हजार. आमची सगळी मॉड्यूल्स मिळून त्यातल्या दोनशे चौदा नावांना हाक मारत होती. बाकीच्यांना कोणीच नाही. पण नाव उघडं आहे म्हटल्यावर त्यामागचा कोडही टाकता येत नाही, न जाणो कोण कधी हाक मारेल. नुसती नावांची यादीसुद्धा जागा खाते. कर्नल बांधतानाच एक सोय असते, ती चालू केली की यंत्र आपली मॉड्यूल्स तपासतं, कोण कोणाला हाक मारतंय ते टिपतं, आणि ज्यांना कोणी मारत नाही ती नावं बंद करतं. मग त्यांच्यामागचा कोड गळून पडतो. काम चोख, एक ओळ हाताने लिहायला लागत नाही.

फक्त एक मेख आहे. यंत्र समोर असलेली मॉड्यूल्सच तपासतं. जे समोर नाही, ते त्याच्या हिशेबी नाही. म्हणून सोबत एक यादी देता येते: ही नावं कोणी मागताना दिसत नसली तरी ठेवा. भागीने अशी यादी केली होती. सात नावं, आणि वर तिच्या सवयीने एक ओळ: न आलेल्यांचा वाटा.

यादीसकट नऊशे चौऱ्याहत्तर केबी मोकळे झाले. सव्वीस कमी.

आणि तेव्हाच तिला रजेवर जायचं होतं, ओढा मारायला. मामाने सगळ्यांसमोर तोंड वाकडं केलं. “मच्छी पकडायला सुट्टी? लिहू काय रजिस्टरमध्ये?” ती म्हणाली, “तेच लिवा.” जाताना माझ्या टेबलापाशी थांबली. “यादीला हात लाऊ नको. सव्वीस मी आल्याव शोधतंय.” मी विचारलं, का गं, काय आहे त्यात? तर म्हणाली, “हाय काम.” आणि गेली. हेच ते चार शब्द, जे तिने गिळले.

शनिवारी सकाळी मामा माझ्या डोक्यावर येऊन उभा राहिला. सोमवारी बड्या कंपनीची माणसं येणार, त्याआधी अपडेट सगळ्या स्कॅनरवर पाहिजे. भागीची वाट बघत बसायचं का? तुला येत नाही का? माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. दोन वर्षं मी तिच्या मागे बसून चाचण्या करत होते. मलाही दाखवायचं होतं की मला येतं.

मी यादी उघडली. ती ओळ वाचली आणि मला देवूकाका आठवले, पानं आठवली, सगळं लख्ख आठवलं. आणि मी हसले. म्हटलं, ही पाड्याची सवय इथेही घेऊन आली. कोणी येईल म्हणून कर्नलमध्ये मासे झाकून ठेवतेय. सात नावं मी आमच्या सगळ्या कोडमध्ये शोधून पाहिली. एकही कोणी वापरत नव्हतं. मी यादी पुसली. एक हजार चौदा केबी.

चार स्कॅनर घेऊन चाचणी केली, चारही उत्तम चालले. चाचणीच्या कागदावर सही ठोकली. मामाने पेढे मागवले आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा फोटो टाकला, भाचीने कमाल केली म्हणून. आईने त्याला अकरा फुलं पाठवली.

सोमवारी सकाळी, माणसं यायच्या आधी, अपडेट गेला. दोन वाजता जिना चढून बाबू वर आला. त्याने स्कॅनर माझ्या टेबलावर ठेवला आणि मोबाईल पुढे केला. लिहिलं होतं: मशीन गप हाय. तीन चुका. आयडी बंद. गेटबाहेर काढला.

मी स्कॅनर तपासला. ऑर्डर पाठवून पाहिली, टिंग वाजलं, छान खणखणीत. मी म्हटलं, चालतोय की. आवाज कमी असेल असं वाटून मी तो शेवटपर्यंत वाढवला, पुन्हा वाजवला, आणि स्कॅनर उचलून त्याच्या कानाशी धरला.

बहिऱ्या माणसाच्या कानाशी. मी, चाचणीवाली.

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या हातातून स्कॅनर घेतला, माझा तळहात उताणा केला, त्यावर स्कॅनर ठेवला आणि माझी बोटं त्याच्यावर मिटली. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मी ऑर्डर पाठवली. टिंग झालं. हातात काहीच झालं नाही. तो मान हलवत राहिला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की तिथे काहीतरी व्हायला पाहिजे होतं.

मी स्कॅनरची नोंदवही उघडली. मला माहीत नसलेल्या एका मॉड्यूलला कर्नलने आत घेतलं नव्हतं. कारण दिलं होतं: या नावाचं इथे कोणी नाही. दोन नावं होती. दोन्ही त्या सातांमधली.

मी भागीला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडून ती एवढंच म्हणाली, “बाबूला सांग, काम सोडून घरी बसू नको म्हनावा. उद्या हापिसात ये म्हनावा.”

मंगळवारी साडेआठला ती आली. मी आठलाच जाऊन बसले होते. तिने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, “यादीचे किती वाचवलंस?” मी म्हटलं, चाळीस केबी. तिने शिव्या घातल्या असत्या तर मीही काही बोलले असते. “वाचलीस ना ती ओल?” तिने विचारलं. मी हो म्हटलं. “पानावरचे मासे खाल्लंस ना?” मी हो म्हटलं. मग ती खुर्चीत बसली आणि माझ्याकडे पाठ फिरवली.

तेवढ्यात मामा आला. बाबू दाराशी उभा होता, त्याला ओलांडून आत आला. भागीने त्याला सांगितलं की कालच्या अपडेटने बाबूचं काम गेलं. सगळं ऐकून मामा म्हणाला, “कोण वापरत नव्हतं ते कापलं. चुकलं काय त्यात?”

“कोन वापारत न्हाय, ह्या तुमी कोनाला इचारलाव?”

“आणि तू? माझ्या मशीनमध्ये चोरून मोटर घातलीस ती? उलट्या बोंबा मारते! आता एका माणसासाठी यादी परत घालू आणि सव्वीस केबीसाठी दीडशे मशीन गोठवू? हिशेब कळतो का तुला?”

चोरून घातली होती, हे खरं होतं. भागीने टेबलावरचा एक रिकामा स्कॅनर उचलला आणि मामाच्या नाकासमोर धरला. पडद्यावर मामाच्या कंपनीचा लोगो होता. केशरी सूर्य, खाली मामाचं नाव सोनेरी अक्षरात, मागे निळ्या लाटा. तीन वर्षांपूर्वी त्याने हौसेने पुतण्याकडून काढून घेतला होता. स्कॅनर रिकामा पडला की तो यावा, चटकन यावा, म्हणून कर्नलमधला पडद्याचा प्रोग्राम ते चित्र चोवीस तास मेमरीत धरून बसायचा.

“दीडशे केबी,” भागी म्हणाली. “मानूस काम करत असला की ह्या दिसत न्हाय. मशीन रिकामी पडली की दिसतंय. रिकाम्या मशीनकडं कोन बघतंय, शेठ?”

मामाचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझा कसा झाला असेल मला माहीत नाही. दोन वर्षं रोज शंभरदा तो सूर्य मी पाहिला होता. कापायला काय आहे म्हणून अख्खा कर्नल उलथापालथा केला, आणि त्या सूर्याकडे आमच्यापैकी एकाचीही नजर गेली नव्हती. नऊ हजार नावांत आम्ही कोण बिनकामाचं ते शोधत होतो.

“हात लावायचा नाही त्याला,” मामा म्हणाला. तोवर तिने लावला होता. चित्र काढलं, यादी परत घातली, कर्नल बांधला, आणि चाळीस मिनिटांत अपडेट सगळीकडे गेला. अकराशे चोवीस केबी मोकळे. मामा फोनवर कोणाकोणाला ओरडत होता. बाबूच्या हातातला स्कॅनर थरथरला तसा तो तोंडभर हसला आणि स्कॅनर आमच्या दोघींच्या हाताला लावून दाखवायला लागला.

पण आयडी बंदच होता. गोदामाचा मॅनेजर म्हणाला, चुका माणसाच्या नावावर पडल्यात. मशीनचा दोष होता असं तुमच्या कंपनीने लिहून दिलं तर खोडतो, नाहीतर गुरुवारपासून त्याच्या जागी दुसरा. मामा म्हणाला, लिहून देणार नाही. दिलं की कंत्राट गेलं. “त्याला गोण्या उचलायला लावतो कुठेतरी. मेहेरबानी समज.” आणि भागीला बजावलं की तिने काही लिहिलं तर मशीनशी छेडछाड केली म्हणून पोलिसात जाईन.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दीड वर्षात एक चूक न करणारा माणूस गोण्या उचलणार, कारण मला कमाल करून दाखवायची होती आणि मामाला स्वतःचं नाव सोनेरी अक्षरात बघायचं होतं. आणि हा मेहेरबानीची भाषा करणार. चाचणीच्या कागदावर सही माझी होती. मी कोऱ्या कागदावर लिहिलं: शनिवारी मी, नेत्रा लडकू म्हात्रे, हिने कर्नलमधली जी नावं कोणी वापरत नाही म्हणून काढली, ती बाबू वापरत होता. मी विचारलं नाही. सोमवारच्या तीन चुका त्याच्या नाहीत, माझ्या आहेत. सही केली, खाली जाऊन मॅनेजरच्या हातात दिलं, आणि पोच घेतली.

गुरुवारी सकाळी बाबूचा आयडी चालू झाला. बुधवारी संध्याकाळीच माझा बंद झाला होता. कंत्राट काही गेलं नाही. बड्या कंपनीतल्या कोणी ते पत्र वाचलंसुद्धा नसेल. भागीला मामाने काढलं नाही, कारण तिला काढलं तर कर्नल कोण बघणार? लोगो मात्र त्याने परत घालायला लावला, छोटा करून.

घरी आई दोन दिवस जेवली नाही. “मामाच्या तोंडाला काला फासलास,” ती म्हणाली. “त्या बाबूसाठी? आपला कोन लागतो तो?” मी भांडले, ताट आपटलं. दोन महिने मी भिवंडीत एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतेय. भागीला मी सात-आठ मेसेज केले. चूक झाली, लिहिलं. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. मला तिचा राग येतो तो यासाठीही. कागदावर सही करून मी माझ्या बाजूने सगळं फेडलं असं मला वाटत होतं. तिला तसं वाटत नव्हतं.

गेल्या रविवारी सकाळी दारावर थाप पडली. बाबू होता. आई पुढे झाली, तिला वाटलं कोणी काही विकायला आलाय. त्याने पिशवीतून सागाच्या वाळक्या पानात बांधलेली पुडी काढली. सुकवलेले मासे. मग मोबाईल पुढे केला. लिहिलं होतं: पाणी आटला म्हणून परत ओढा मारला. देवूकाकाने इचारला, कोण न्हाय आला. भागीने तुझा नाव सांगितला.

आई ते वाचून बाजूला झाली. मी त्याच्याच मोबाईलवर लिहिलं: भागी अजून रागावली आहे का?

त्याने जोरात मान डोलावली, हो. मग माझा तळहात उताणा केला, पुडी त्यावर ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटली.